सामाजीकाकांचं तेल

जे आजवर कुणाला सांगितलं नाही ते आधी लिहून टाकतो, नाहीतर इकडचं तिकडचं लिहीत बसेन आणि पुन्हा राहून जाईल. सामाजीकाकांचं अळशीचं तेल चोख होतं. त्यात खोबरेल मी ओतलं. आणि भर बाजारात, चार माणसांसमोर, त्यांनी विश्वासानं मला विचारलं तेव्हा मी म्हणालो की डबा उघडतानाच खोबऱ्याचा वास येत होता. माझ्या बायकोला हे ठाऊक नाही, मुलांना नाही. बाबा गेले ते मला खरा समजूनच गेले.

आमचं घर रेवदंड्याला, बाजारातून बंदराकडे जाणाऱ्या वाटेवर. मागे नारळी-पोफळीची वाडी, मध्ये विहीर. पहाटे रहाट सुरू झाला की त्याच्या कण्हण्यानं मी जागा व्हायचो, आणि त्याच सुमाराला दोन घरं पलीकडून सामाजीकाकांच्या तेलघाण्याची करकर सुरू व्हायची. रहाट आणि घाणा एकमेकांशी भांडताहेत असं आई म्हणायची. न्याहारीला गरम तांदळाची भाकरी आणि आदल्या दिवशीचं वालाचं बिरडं. शिळं बिरडं ताज्याहून चांगलं लागतं, हे मी अजूनही पैजेवर सांगेन. घरभर कायम दोन वास असत. आईच्या बाजूनं खोबरेलाचा, कारण तळण त्यात, फोडणी त्यात, दिवा त्याचा आणि डोक्यालाही तेच. आणि पडवीतून सागाच्या भुशाचा आणि रंगाचा.

पडवी म्हणजे बाबांचा कारखाना. बाबा सुतार. मखरं, देव्हारे, पाळणे ही त्यांची पिढीजात कामं. पण तरुणपणी काही वर्षं ते मुंबईत काचेवर अक्षरं रंगवणाऱ्या एका कारागिराच्या हाताखाली होते, आणि तिथून परत येताना त्यांनी एक विद्या आणली. तिला आमच्याकडे लोक ‘उजेडाची पाटी’ म्हणत. सागवानाची उथळ पेटी, तिच्या चौकटीवर बाबांच्या हातचं कोरीव काम, पोफळीचे घोस नाहीतर पोपट. पुढच्या बाजूला काच. काचेवर अक्षरं, पण ती मागच्या बाजूनं, उलटी रंगवलेली. पेटीत रॉकेलचा दिवा. दिवसा बघणाऱ्याला ती नुसती देखणी पाटी दिसे. दिवेलागणीला आत दिवा लागला की भोवतालची काळी-निळी जमीन, म्हणजे अक्षरांमागचा भरीव रंग, अंधारात विरून जाई आणि अक्षरं तेवढी पिवळी-तांबडी पेटून उठत. ज्या गावात वीज कशी असते ते बंदरावर उतरणाऱ्या मुंबईकरांकडून ऐकायचं, त्या गावात हे केवढं होतं ते आता सांगून कळणार नाही.

काचेच्या मागून रंगवायचं म्हणजे सगळा क्रम उलटा. लाकडावर जे शेवटी करायचं ते इथे सर्वांत आधी. आधी अक्षराची कडेची बारीक रेघ, मग पोटातला रंग, आणि सर्वांत शेवटी जमीन. एकदा पुढचा थर चढला की मागची चूक झाली ती झाली. बाबा म्हणत, “लाकूड माफ करतं, काच नाय करत.” आणि ह्या कामाचा जीव होता तेलात. रंगाची पूड कढवलेल्या अळशीच्या तेलात खलायची. मुरदाडशिंग, म्हणजे तेल लवकर सुकवणारी शिशाची पिवळी पूड, घालून कढवलेलं अळशीचं तेल सुकलं की काचेला असं धरतं की खाऱ्या वाऱ्यानं चौकटीचे खिळे गंजून जातील, पण रंगाचा टवका उडायचा नाही. दुसरं कुठलंही तेल असं सुकत नाही. खोबरेल तर जन्मात सुकत नाही. हे मला कळायला लागल्यापासून माहीत होतं. माहीत नव्हतं असं म्हणायची सोय मी ठेवलेली नाही.

अळशीचं तेल द्यायचे सामाजीकाका. ते बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले यहुदी. शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. उंच, किंचित वाकलेले, डोक्याला टोपी आणि बोलताना दुसऱ्याच्या खांद्यावर हात ठेवायची सवय. त्यांची धाकटी मुलगी रिबका घाण्याच्या लाटेवर, म्हणजे बैल ओढतो त्या आडव्या लाकडावर, बसून बैलाबरोबर गोल गोल फिरत असायची, आणि आम्ही गेलो की “चक्कर येत न्हाय, पैज लाव” म्हणायची. त्यांच्याकडे नवसाचा मलिदा झाला की गूळ-खोबरं घातलेल्या पोह्यांचं ताट आमच्याकडे येई, आणि आमच्याकडून दिवाळीचा फराळ जाई. काकांचा घाणा मुळात खोबऱ्याचा. गावातल्या बायका वाळवलेलं खोबरं त्यांच्याकडे घालून तेल काढून नेत. घाटावरून अळशीचं बी आलं की काका त्याचं तेल फक्त बाबांसाठी गाळत. त्याआधी घाणा तांदळाच्या तुसानं घासून घासून कोरडा करत, मग पहिलं निघालेलं अळशीचं तेल फेकून देत, आणि त्यानंतरचं बाबांच्या डब्यात भरत. खोबरं आणि अळशी एकाच घाण्यावर, म्हणून एवढी काळजी. पुढे ह्याच गोष्टीनं त्यांचा घात केला.

त्या वर्षी बंदराच्या तोंडाशी दामूशेटनी विश्रांतिगृह काढलं. चहा, फराळ आणि मुक्कामाची सोय. नारळी पौर्णिमेनंतर मुंबईच्या बोटी पुन्हा सुरू होत. बोट दूर उभी राही, उतारू पडावात बसून संध्याकाळचे किनाऱ्याला लागत. त्यांना पडावातूनच आपलं नाव दिसलं पाहिजे, असं दामूशेटना वाटे. बाबांनी आजवर केली नव्हती एवढी मोठी पाटी त्यांनी सांगितली, आणि पहिल्या बोटीला ती लागली पाहिजे म्हणाले. बाबांनी चौकट माझ्याकडे दिली. पहिल्यांदाच. मी ती जिद्दीनं कोरली. जेवायला हाका मारून आई थकायची. पोपटाच्या पंखातलं एकेक पीस मी मोजून मापून काढत होतो, आणि मनाशी ठरवलं होतं की बाबांच्या कामाला आणि माझ्या कामाला बघणाऱ्यानं वेगळं ओळखता कामा नये. बाबांनी अक्षरं काचेवर उतरवली. राहिली होती ती जमीन, आणि तिच्यासाठी सामाजीकाकांकडून तेलाचा नवा डबा आला होता.

तो शनिवार. बाबा बिजागऱ्या आणायला अलिबागला गेले होते. जाताना मला म्हणाले, “संध्याकाळपर्यंत तेल कढवून जमिनीचा रंग खलून ठेव. आलो की हात मारतो.” मी काजळ आणि नीळ पाट्यावर घेतली, तेलाचा डबा उघडून शेजारी ठेवला, आणि चौकटीतल्या एका पोपटाची चोच मला खटकली म्हणून वाकडा होऊन पटाशी घ्यायला गेलो. पायानं डबा लवंडला. सारवलेल्या जमिनीनं तेल असं प्यायलं की जणू तिला कित्येक दिवसांची तहान होती. निम्म्याच्यावर गेलं. मी धावत सामाजीकाकांच्या अंगणात गेलो. घाणा बंद, दार ओढलेलं, आतून त्यांच्या प्रार्थनेचा आवाज. सूर्य मावळून चांदण्या दिसल्या की त्यांचा शनिवार संपे आणि मग त्यांनी आनंदानं तेल दिलं असतं. पण तोवर बाबा परतले असते आणि मला सांगावं लागलं असतं की ज्याच्या हाती पहिल्यांदा मोठं काम दिलं त्यानं डबा सांडला. मी घरी आलो. आई विहिरीवर होती. चुलीशेजारची खोबरेलाची बरणी उचलली आणि डबा भरेपर्यंत ओतली. थोडंच तर आहे, अळशी त्याला सांभाळून घेईल, असं मी स्वतःला सांगितलं. मला ते खरं वाटत नव्हतं, हेही आठवतं.

जमीन सुकेना. बाबा दोनदा बोट लावून बघत आणि म्हणत, “हवा दमट हाय. श्रावणात असंच व्हायचं.” दामूशेटचा माणूस रोज येऊन दारात उभा. शेवटी बाबांनी वरून चंद्रसाचं, म्हणजे राळेचं, झटपट सुकणारं रोगण मारलं. रोगणाची पापडी धरली, हाताला कोरडं लागलं, आणि पाटी दामूशेटकडे गेली. आत, काचेशी, रंग ओलाच होता.

पहिल्या बोटीच्या संध्याकाळी सगळा बाजार बंदरावर लोटला होता. कोळणी टोपल्या बाजूला ठेवून उभ्या, पडाववाले, शाळेचे मास्तर, भंडारआळीतली पोरं. सामाजीकाका रिबकाला खांद्यावर घेऊन आले होते. दामूशेटनी नारळ फोडला, बाबांनी पेटीचं मागचं दार उघडून दिवा लावला, आणि पाटी उजळली. पडावातल्या उतारूंनी माना वर केल्या. माझ्या कोरलेल्या पोपटांच्या मधून पिवळं धमक नाव पेटलं होतं, आणि बाबांनी माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. त्या मानेसाठी मी काय काय केलं असतं. केलंच होतं.

मग पेटी तापली. वरच्या ओळीखालची काळी जमीन हळूच हलली. आधी मला वाटलं डोळ्याला भास होतोय. मग तिचा एक ओघळ ‘विश्रांतिगृह’ ह्या अक्षरांवरून खाली उतरला, मग दुसरा.

“अगो बाय, दामूशेटच्या नावाला घाम फुटला,” एक कोळीण म्हणाली.

“घाम कसला, रडतंय त्ये. अजून गिऱ्हाईक न्हाय आलं ना,” दुसरी म्हणाली, आणि हसं झालं.

“मिस्त्री, इजवा तो दिवा,” दामूशेट दात आवळून म्हणाले. “लोक बघतायत.”

बाबांनी दिवा विझवला. काचेच्या मागे बोट घातलं, ओघळ बोटावर घेतला, नाकाशी नेला. त्यांचा चेहरा मी बघत होतो. त्यांना एका श्वासात कळलं. “खोबरेल,” ते म्हणाले, आणि गर्दीत सामाजीकाकांना शोधू लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दामूशेटच्या ओट्यावर माणसं जमली. मुद्दाम बोलावलं कुणी नव्हतं, पण आमच्याकडे बाजारात भांडण असलं की बोलवावं लागत नाही. सामाजीकाका आपल्या घरातला उरलेला अळशीचा डबा घेऊन आले होते. त्यांनी तो बाबांसमोर ठेवला.

“मिस्त्री, त्याच दिवशीचं हाय. वास घ्या.”

“ह्याचा घेऊन काय करू? मला दिलं त्याचा रंगात आला ना वास.” बाबांचा आवाज चढला नव्हता, तेच वाईट होतं. “घाणा घासला न्हाय तू, सामाजी. घाईत एखाद वेळी होतं. कबूल कर, मिटव.”

“एखाद वेळी झालं असतं तर कबूल केलं असतं. तुमच्या तेलाला मी स्वतः तूस मारतो, गड्याला हात लावू देत न्हाय.”

“मग काय भुतानं ओतलं?” दामूशेट म्हणाले. “एका घाण्यात खोबरं आणि अळशी. मी आधीच म्हणत होतो.”

“तुम्ही कधी म्हणालात, शेट? तुम्ही तर काल मला ओळखत पण नव्हतात,” काका म्हणाले. एकदोघं हसले. मग काका वळले. मी बाबांच्या मागे खांबाला टेकून उभा होतो. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. “ह्याला विचारा. डबा ह्यानं उघडला, रंग ह्यानं खलला. गणू खोटं नाय बोलायचा. सांग बाबा, डबा उघडलास तवा खोबऱ्याचा वास होता काय?”

मी त्या प्रश्नाची रात्रभर भीती बाळगली होती, पण ती बाबांकडून. काकांकडून तो असा येईल असं वाटलं नव्हतं. जमलेली सगळी माणसं माझ्याकडे बघत होती. खांद्यावरचा हात जड नव्हता. मी म्हणालो, “होता.”

“नीट आठव.”

“होता, काका. मला वाटलं असायचाच.”

त्यांनी हात काढला नाही लगेच. थोडा वेळ तो तसाच राहिला, मग त्यांनी आपला डबा उचलला आणि ते घरी गेले. पहिलं ‘होता’ तोंडातून निसटलं असं मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला समजावलं. पण दुसऱ्या वाक्यासाठी निमित्त नाही. ते मी जुळवून बोललो होतो.

त्या दुपारी आई माझ्या डोक्याला तेल लावत होती. बोटं केसात थांबली आणि ती म्हणाली, “बरणीत किती होतं नि किती उरलं, मला कळतं रे.” मी मान वळवली नाही. तीही पुढे बोलली नाही. तिला कळलं असं मी धरून चाललो, आणि ती गप्प राहिली ह्याचा मला त्या वेळी आधार वाटला. आता वाटतं, तिनं मला वाट करून दिली होती आणि मी त्या वाटेनं गेलो नाही.

गावानं सामाजीकाकांना काही केलं नाही. कुणी शिवी दिली नाही, कुणी दगड मारला नाही. बायकांनी फक्त खोबरं घालायचं बंद केलं. अळशीत खोबरेल मिसळत असेल तर आपल्या खोबरेलात अळशीही येत असेल, आणि ती तळणात, पोरांच्या पोटात जात असेल, एवढा साधा त्यांचा हिशेब. गणपती जवळ आले होते. खोबरं नागावच्या घाण्यावर जाऊ लागलं. आमच्या आळीतली करकर आधी अधूनमधून, मग कायमची थांबली. आमच्याकडे रोजच शनिवार झाला. पहाटे रहाट एकटाच कण्हत असे आणि त्याच्याशी भांडायला कुणी नसे. काकांनी बैल विकला आणि मुंबईला गिरणीत जायचं ठरवलं.

जायच्या आधी ते आमच्या पडवीत आले. तोच डबा हातात. “मिस्त्री, हे उरलंय. दुसऱ्या कुणाच्या उपयोगाचं न्हाय. ठेवा.” बाबा रंधा मारत होते, त्यांनी मान वर केली नाही. काकांनी डबा कोपऱ्यात ठेवला. रिबका दाराशी उभी होती. “आम्ही बोटीनं जाणार,” ती मला म्हणाली. तिला आनंद झाला होता.

दामूशेटची पाटी पुन्हा करायची होती. बाबांनी मुंबईहून तेल मागवलं. ते यायच्या आत मी एक काम केलं. काकांच्या डब्यातलं तेल कढवलं, त्यात रंग खलला, काचेच्या एका लांबट तुकड्यावर चढवला, आणि तो सुकल्यावर दिव्यासमोर टेकवून ठेवला. मला काय बघायचं होतं कोण जाणे. तेल खोटं निघावं अशी माझी आशा होती, हे लिहायला आज इतकी वर्षं लागली. दिवा तापला, काच हात लावू देईना, रंग जागचा हलला नाही. बाबांनी तो तुकडा पाहिला. नखानं खरवडून बघितला, उजेडाला धरला.

“कुठलं तेल?”

तेव्हा काका अजून गावात होते. त्यांची बोट दुसऱ्या दिवशी होती. बाबा सरळ मनाचे. एक शब्द बोललो असतो तर तसेच उठून, पायात वहाणा न घालता, काकांच्या दारात जाऊन उभे राहिले असते, आणि सगळा बाजार त्यांच्यामागे गेला असता.

“मुंबईहून नमुना आलाय,” मी म्हणालो.

“चोख हाय,” बाबा म्हणाले. “अशी माणसं हायत अजून.”

ती दुसरी पाटी मीच रंगवली. बाबांनी फक्त पाहिलं. एकेक थर सुकल्याशिवाय पुढचा चढवला नाही, दामूशेटचा माणूस दारात बसून कंटाळला तरी नाही, आणि दिव्यासमोर तावून सुलाखून घेतल्याशिवाय ती पेटीत बसवली नाही. विश्रांतिगृह मोडलं तेव्हा तिची चौकट वाळवीनं खाल्ली होती. काचेवरचा रंग तसाच होता.

आता मी मुंबईत हाच धंदा करतो. काच गेली, अॅक्रिलिक आलं. यंत्रानं त्यात अक्षरं कोरतो, मागून रंग भरतो, आत विजेच्या नळ्या लावतो. पावसात, उन्हात, खाऱ्या हवेत आमची पाटी उतरत नाही असं बाजारात नाव आहे. पेटवून, तापवून, पुन्हा थंड करून पाहिल्याशिवाय मी माल बाहेर सोडत नाही. कारागीर वैतागतात, म्हणतात, साहेबांना विश्वासच नाही. गिऱ्हाईक कौतुक करतं. कौतुक ऐकलं की मी विषय बदलतो. लोकांना तो विनय वाटतो.

सामाजीकाका गिरणीतच म्हातारे झाले आणि गेले. त्यांनी पुन्हा घाणा घातला नाही, हे मला रेवदंड्याच्या एका माणसाकडून कळलं. त्या ओट्यावरची माणसंही आता राहिली नाहीत, त्यामुळे तिथे जाऊन काही सांगायचं तर ऐकायला कुणी नाही. रिबका आहे. भायखळ्याला शाळेत शिकवते, आणि तिची मुलं इस्रायलला चालली आहेत, त्यांच्याबरोबर तीही जाणार असं ऐकतो. तिचं घर मला माहीत आहे. त्या गल्लीच्या तोंडापर्यंत मी गेलो आहे आणि परतलो आहे. हे छापून आलं तरी ते तिच्यासाठी नव्हे, तुमच्यासाठी आहे. ह्यानं काही फिटत नाही. ती बोटीत बसायच्या आत तिच्या दारात उभं राहून, तिच्या तोंडावर, तुझ्या बापाचं तेल चोख होतं आणि खोटं बोललो तो मी, एवढं सांगणं मी तिचं देणं लागतो. ते मी अजून दिलेलं नाही.